ताटकळत ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

जर्मनीत अगदी अलीकडेपर्यंत वाट पाहणे हीच वैद्यकीय प्रवेशाची एक रीतसर पात्रता होती. केंद्रीय पद्धतीने वाटल्या जाणाऱ्या जागांपैकी २० टक्के जागा केवळ प्रतीक्षेच्या काळावर दिल्या जात. शाळा संपल्यापासून जितकी सत्रे उलटली, तितका अर्जदाराचा क्रमांक वर सरकत असे. अट एवढीच, की या काळात देशातील एखाद्या विद्यापीठात दुसऱ्या अभ्यासक्रमाला नाव घातले, तर ती सत्रे मोजली जात नसत. त्यामुळे अनेक तरुण रुग्णसेवेचे प्रशिक्षण घेत, रुग्णवाहिकेवर काम करत आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत. अर्जदार वाढत गेले तशी ही रांग लांबत लांबत १५ सत्रांपर्यंत, म्हणजे सात वर्षांच्याही पुढे गेली. वैद्यकीय पदवी मिळवायला जितका काळ लागतो, त्याहून अधिक काळ ती सुरू करण्याची वाट पाहण्यात जाऊ लागला. अखेर १९ डिसेंबर २०१७ रोजी जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने या प्रवेश पद्धतीतील अनेक तरतुदी घटनेशी विसंगत ठरवल्या. त्यात प्रतीक्षेच्या काळाला कमाल मर्यादा नसणे हा एक ठळक दोष म्हणून नोंदवला गेला. प्रतीक्षेच्या आधारे काही जागा देणे न्यायालयाने मुळातच बेकायदा ठरवले नव्हते. आक्षेप होता तो अमर्याद प्रतीक्षेला. पुढे २०२० पासून तो वाटाच रद्द झाला.

या निकालाचे महत्त्व एका देशापुरते नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, ही स्थिती जवळजवळ सर्वत्र आहे आणि नजीकच्या काळात ती पालटेल असे दिसत नाही. त्यामुळे निवड होणार, बहुसंख्यांना नकार मिळणार आणि निर्णयासाठी काही काळ थांबावेही लागणार, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न आहे तो त्या थांबण्याला शेवट आहे की नाही, आणि थांबलेल्या माणसाला आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळते की नाही, हा. माझे म्हणणे असे की प्रवेश प्रक्रियेतील बरीचशी अनिश्चितता आखणीतून निर्माण होते, ती कमी करण्याची साधने आज हाताशी आहेत आणि ती न वापरणारी संस्था आपल्या सोयीचा खर्च अर्जदाराच्या माथी मारत असते.

अर्जदाराची ही अवस्था जरा जवळून पाहायला हवी. परीक्षा झालेली आहे, मुलाखतही झाली आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नावासमोर ‘विचाराधीन’ एवढा एकच शब्द कित्येक आठवडे तसाच आहे. सकाळी डोळे उघडले की आधी ते पान उघडायचे, मग ईमेल, मग नको असलेल्या ईमेलचा कप्पा, कारण महत्त्वाचे पत्र चुकून तिथे जाऊन पडल्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. अनोळखी क्रमांकाचा फोन आला की छातीत धस्स होते. दुसऱ्या एका अभ्यासक्रमात जागा मिळालेली असते, तिचे शुल्क भरण्याची मुदत जवळ आलेली असते. ती जागा सोडावी तर हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखे आणि शुल्क भरावे तर उद्या बोलावणे आल्यावर ते बुडणार. नोकरी धरावी तर किती महिन्यांसाठी, खोली घ्यावी तर कोणत्या गावी, पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा अभ्यास सुरू करावा की नाही, यांतल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसते. ‘काय झालं प्रवेशाचं?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘अजून काही नाही’ हेच सांगावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला हा काळ रिकामा वाटतो, पण त्यात माणूस एकही निर्णय धड घेऊ शकत नाही आणि तरीही दररोज निर्णय घेण्याच्या दडपणाखाली असतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. एक म्हणजे लागणारा वेळ आणि दुसरी म्हणजे त्या वेळातील अनिश्चितता. निकाल अमुक तारखेला लागणार हे ठाऊक असेल, तर चार महिनेही माणूस काढतो. उद्या लागेल की महिन्याने, की लागणारच नाही, हे ठाऊक नसेल तर चार आठवडेही जीव टांगणीला लावतात. हा केवळ अनुभवाचा बोल नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांनी ४५ स्वयंसेवकांवर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही याचा अंदाज बांधायचा आणि साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका बसणार, असा तो खेळ होता. घामाचे प्रमाण आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला गेला. तो सर्वाधिक आढळला तो झटका बसण्याची शक्यता बरोबर निम्मी असताना. झटका बसणारच हे निश्चित असताना तो कमी होता. अर्थात प्रयोगशाळेतल्या झटक्याची आणि आयुष्याला वळण देणाऱ्या पत्राची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये, पण वाईट बातमीपेक्षा अधांतरी राहणे अधिक छळते हे त्यातून स्पष्ट होते.

मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी कॅलिफोर्नियातील वकिलीची परीक्षा दिलेल्या पदवीधरांचा अभ्यास केला. त्यांना निकालासाठी सुमारे चार महिने थांबावे लागे आणि निकालाची तारीख ठरलेली असे. मन दुसरीकडे वळवणे, भावना आवरणे, वाईटाची तयारी ठेवणे असे उपाय या मंडळींनी करून पाहिले. त्यांनी प्रतीक्षेचा त्रास फारसा कमी झाला नाही. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो, कारण प्रवेशाची वाट पाहणाऱ्या मुलांना आपण नेहमी हेच सल्ले देतो: छंद जोपास, फिरायला जा, विचार करू नकोस. हेतू चांगला असतो, पण त्यात एक अन्यायही दडलेला असतो. व्यवस्थेने निर्माण केलेला ताण सोसण्याची जबाबदारी आपण त्या एकट्या मुलावर टाकतो आणि तो त्याला झेपला नाही की मनाने कच्चा म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवतो.

ही अनिश्चितता येते कुठून, हे समजायला अमेरिकेतील डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा इतिहास उपयोगी पडतो. पदवीनंतर रुग्णालयात प्रशिक्षणासाठी चांगले विद्यार्थी मिळावेत म्हणून तिथली रुग्णालये १९४० च्या दशकात एकमेकांच्या आधी जागा देऊ करू लागली. ही घाई इतकी वाढली की पदवी मिळायच्या जवळजवळ दोन वर्षे आधीच करार होऊ लागले. ते थांबवण्यासाठी १९४५ मध्ये ठराविक तारखेआधी विद्यार्थ्यांची माहितीच रुग्णालयांना न देण्याचे ठरले. मग वेगळाच गोंधळ सुरू झाला. आवडीच्या रुग्णालयाच्या प्रतीक्षा यादीत असलेला विद्यार्थी हाती आलेला देकार शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवू लागला आणि रुग्णालये त्याला लवकर उत्तर दे म्हणून दडपू लागली. सुरुवातीला उत्तरासाठी १० दिवसांची मुदत होती; १९४९ पर्यंत १२ तासही रुग्णालयांना जास्त वाटू लागले. तारा, फोन, तिथल्या तिथे होय किंवा नाही असा प्रकार चालला. यावर उपाय म्हणून १९५२ मध्ये मध्यवर्ती जुळणीची पद्धत आली: विद्यार्थ्याने आपला पसंतीक्रम द्यायचा, रुग्णालयाने आपला द्यायचा, जुळणी एका ठिकाणी करायची आणि निकाल सर्वांना एकाच दिवशी कळवायचा.

पुढे १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेशाचा प्रश्न गणिताने सोडवून दाखवला. प्रत्येक संस्थेने आलेले अर्ज लगेच पक्के न करता तात्पुरते धरून ठेवावेत, अधिक योग्य उमेदवार आला तर आधीच्याला मोकळे करावे आणि कोणीही पुढे सरकायचे उरले नाही की मगच सारे पक्के करावे, अशी ती रीत होती. असे केले की जी जुळणी होते, तिच्यात एकमेकांना अधिक पसंत असलेली पण एकमेकांना न मिळालेली विद्यार्थी–संस्था अशी एकही जोडी उरत नाही. अमेरिकेची १९५२ ची पद्धत मुळात याच तत्त्वावर चालत होती, हे अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याच मदतीने ती विद्यार्थ्यांच्या बाजूने झुकती करण्यात आली. २०१२ मध्ये रॉथ आणि शॅप्ले यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. थोडक्यात, ज्या ताटकळण्याला आपण दैव समजतो, त्याचा मोठा भाग यंत्राच्या पोटात काही क्षणांत उरकता येतो, हे साठ वर्षांपासून ज्ञात आहे.

असे असूनही त्याच अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयाचा मूळ प्रवेश या पद्धतीने होत नाही. अर्ज उन्हाळ्यात सुरू होतात, प्रत्येक महाविद्यालय आपापल्या गतीने मुलाखती घेते आणि जागा देते. वर्षाला सुमारे ५० हजार किंवा त्याहून अधिक अर्जदार असतात आणि प्रवेश मिळतो तो साधारण २३ हजारांना. महाविद्यालयांच्या संघटनेच्या नियमांनुसार १५ मार्चपर्यंत प्रत्येक महाविद्यालयाने निदान आपल्या जागांइतके देकार द्यावेत आणि अनेक जागा हाती असलेल्या अर्जदाराने ३० एप्रिलपर्यंत त्यांतली एक निवडावी, अशी अपेक्षा आहे. हे नियम चांगले आहेत. पण त्यानंतरही प्रतीक्षा यादी हलत राहते, ती वर्ग सुरू होण्याच्या दिवसापर्यंत. आणि यादीत आपला क्रमांक कितवा आहे हे सगळीच महाविद्यालये सांगत नाहीत. यादीत दहावा असणे आणि दोनशेवा असणे या दोन पूर्णपणे वेगळ्या अवस्था आहेत. पहिल्याने सामान बांधून तयार राहावे, दुसऱ्याने पुढच्या वर्षाच्या अभ्यासाला लागावे. दोघांनाही ‘आपण प्रतीक्षा यादीत आहात’ एवढेच सांगणे म्हणजे दोघांचीही फसगत करणे होय.

नेदरलँड्सने याबाबत जो मार्ग काढला तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. तिथे १९७० च्या दशकापासून वैद्यकीय जागा सोडतीने दिल्या जात; चांगले गुण असले तर सोडतीत नाव निघण्याची शक्यता वाढत असे. २०१७ पासून सोडत बंद होऊन विद्यापीठांनी आपापली निवड सुरू केली, पुढे कायदा बदलून सोडतीचा मार्ग पुन्हा खुला करण्यात आला. सोडत बरी की निवड बरी, हा वाद वेगळा आहे आणि तो इथे उकरून काढण्याची गरज नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमासाठी प्रत्येक अर्जदाराला त्याचा क्रमांक १५ एप्रिल रोजी कळतो. जागा किती आणि आपला क्रमांक कितवा, हे दोन आकडे समोर आले की कोणाच्या सांगण्याविना माणूस आपला हिशेब करू शकतो.

फ्रान्सची गोष्ट याच्या पुढची आहे आणि ती सावध करणारी आहे. तिथे २०१८ मध्ये ‘पार्कूरस्युप’ ही नवी प्रवेश प्रणाली आली. आधीच्या पद्धतीत विद्यार्थी पसंतीक्रम देत. नव्या पद्धतीत तो काढून टाकला गेला. विद्यार्थ्याला प्रत्येक अभ्यासक्रमाकडून होकार, नकार किंवा ‘प्रतीक्षेत’ असे उत्तर मिळते, यादीतला त्याचा क्रमांक दिसतो, आदल्या वर्षी यादी कुठवर गेली होती तेही दिसते आणि हे आकडे दररोज बदलत राहतात. पारदर्शकतेच्या दृष्टीने यात कमी काही नाही. पण पसंतीक्रम नसल्यामुळे जुळणी यंत्राला करता येत नाही; ती माणसांनी एकेक जागा सोडत सोडत करावी लागते, आणि ती होईपर्यंत हजारो घरांत रोज तो आकडा किती खाली आला हे पाहण्यापलीकडे दुसरे काही सुचत नाही. म्हणजे माहिती देणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. प्रक्रियेची रचनाच अशी हवी की थांबण्याचे दिवस मुळात कमी व्हावेत.

भारतात पसंतीक्रमही आहे आणि संगणकीय वाटपही आहे, तरीही मुलांचा जीव टांगणीलाच असतो. याचे एक कारण म्हणजे एकाच विद्यार्थ्यासमोर एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालू असतात. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्यांकडून भरल्या जातात. अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्रीय समितीकडे असतात. एका राउंडमध्ये सीट लागते, बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी चांगल्या जागेसाठी, पुढच्या राउंडला थांबावे की आहे ती पक्की करावी याचा निर्णय दुसऱ्या प्रक्रियेचा निकाल कळण्याआधी करावा लागतो, आणि काही जण जागा अडवून धरतात व शेवटी सोडून देतात, तेव्हा त्या जागा ज्यांना मिळतात त्यांच्यापेक्षा वरच्या क्रमांकाच्या मुलांनी आधीच दुसरीकडे प्रवेश घेतलेला असतो. २०२५ मध्ये पदव्युत्तर प्रवेशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जागा अडवण्याच्या या प्रकारावर कडक शब्दांत बोट ठेवले आणि अखिल भारतीय व राज्य पातळीवरच्या फेऱ्यांचे वेळापत्रक देशभर एकमेकांशी जुळवून घेण्याचे निर्देश दिले. वेळापत्रक पाळण्याचा आग्रह न्यायालयाने २००५ च्या मृदुल धर प्रकरणातही धरला होता. वीस वर्षांनी तेच पुन्हा सांगावे लागले, यावरून दुखणे किती जुने आहे ते कळते.

या दिरंगाईची किंमत फक्त अर्जदार मोजत नाहीत. २०२१ ची पदव्युत्तर नीट परीक्षा मुळात वर्षाच्या सुरुवातीला व्हायची, ती ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर आरक्षणाच्या वादात काउन्सेलिंग अडकले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ७ जानेवारी २०२२ च्या आदेशानंतर ते सुरू झाले. या काळात रुग्णालयांत निवासी डॉक्टरांची नवी तुकडी आलीच नाही. आधीच्या तुकड्यांवर दुहेरी भार पडला आणि डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीतील निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी पगाराची नव्हती. काउन्सेलिंगची तारीख जाहीर करा, एवढीच होती. डॉक्टर होऊ पाहणारा ताटकळतो तेव्हा त्याच्या मागे रुग्णही ताटकळत असतो, याचा याहून ढळढळीत पुरावा शोधण्याची गरज नाही.

अनिश्चिततेचा भार सर्वांवर सारखा पडतो असेही नाही, आणि माझ्या मते या प्रश्नाची ही सर्वांत गंभीर बाजू आहे. ज्याच्या घरची स्थिती भक्कम आहे, त्याला दुसऱ्या जागेचे शुल्क भरून ती हातची ठेवता येते, वर्ष मोकळे ठेवता येते, आयत्या वेळी बोलावणे आले तर दुसऱ्या शहरात जाऊन दोन दिवसांत बिऱ्हाड थाटता येते. ज्याच्या घरी त्याच्या कमाईची वाट पाहिली जात आहे, त्याला यांतले काहीही जमत नाही. तो यादीतून आपणहून बाहेर पडतो आणि कागदोपत्री त्याची नोंद ‘जागा नाकारली’ अशी होते. निवडीचे निकष कितीही काटेकोर असोत, निवडीनंतरच्या प्रतीक्षेत पैशाने टिकून राहणाऱ्याला फायदा मिळत असेल, तर ती प्रतीक्षा हाच एक न लिहिलेला निकष ठरतो. प्रवेश समित्या गुणवत्तेचा आणि समान संधीचा उच्चार करतात तेव्हा त्यांनी हा निकषही आपल्या हिशेबात धरला पाहिजे.

याविरुद्ध एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो: डॉक्टर होणाऱ्याला संयम हवाच, मग ही त्याचीच पहिली परीक्षा समजावी. मला हा युक्तिवाद पटत नाही. डॉक्टरच्या संयमात हेतू असतो. तपासणीचा अहवाल कधी येणार, तोवर काय करायचे, हे तो जाणत असतो आणि रुग्णालाही सांगत असतो. वाईट बातमी कशी सांगावी हा आज वैद्यकीय शिक्षणाचाच भाग आहे. समोरच्याला किती ठाऊक आहे ते आधी समजून घ्यावे, स्पष्ट शब्दांत सांगावे, पुढे काय करता येईल तेही सांगावे आणि त्याला खोट्या आशेवर झुलवू नये, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते. हीच शिस्त महाविद्यालयाने आपल्या अर्जदाराशी वागताना पाळावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. लवकर आणि स्पष्ट मिळालेला नकार हा अर्जदाराचा सन्मानच आहे. त्याचे वर्ष त्याला परत मिळते.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. प्रतीक्षा यादी लवकर बंद केली तर शेवटच्या क्षणी सुटलेल्या जागा रिकाम्या राहतील आणि वैद्यकीय अभ्यासक्रमातील जागा एकदा रिकामी राहिली की बहुधा त्या तुकडीसाठी कायमची रिकामी राहते. हे खरे आहे, आणि म्हणून यादी शेवटपर्यंत जिवंत ठेवण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ती सर्वांच्या गळ्यात सारखीच अडकवून ठेवण्याला. यादीत राहायचे आहे का, आणि कोणत्या तारखेपर्यंत बोलावणे आले तर येऊ शकाल, हे अर्जदाराला आधीच विचारता येते. प्रत्येकाला त्याचा क्रमांक आणि मागील काही वर्षांत यादी कुठवर गेली तो आकडा देता येतो. ज्यांना संधी उरलेली नाही त्यांना त्याच वेळी मोकळे करता येते. उशिरा बोलावलेल्याला रुजू होण्यासाठी ठराविक दिवस देता येतात आणि त्याने दुसरीकडे भरलेले शुल्क परत मिळण्याचा नियम करता येतो, म्हणजे आयत्या वेळचे बोलावणे केवळ पैसेवाल्यालाच घेता येईल असे राहणार नाही. यासाठी नवे शोध लागायचे बाकी नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने अर्ज मागवतानाच प्रक्रियेच्या शेवटची तारीख छापावी, ती पाळली गेली नाही तर कारणासह नवी तारीख जाहीर करावी, आणि यादी बंद होईल त्याच दिवशी तीत उरलेल्या प्रत्येकाला तसे लेखी कळवावे.